मापांच्या वहीतले पुरावे

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. ऑटोवाल्याशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी, गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावणाऱ्याशी माझं वाजत असतं. पण एका टीव्ही मालिकेवर रिमोट आपटेपर्यंत चिडायची वेळ बासष्टाव्या वर्षी येईल, असं वाटलं नव्हतं. त्या रागाचं मूळ मालिकेत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच मी जास्त आरडाओरडा करत होतो.

आमचं घर शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आहे. घराणं शिंप्यांचं. किती पिढ्यांपूर्वी बेंगळूरात आलो ते कुणालाच नीट सांगता येत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, कॅन्टोन्मेंटमधल्या शाळांचे गणवेश शिवायचे. खाली दुकान होतं आणि वर आम्ही राहायचो. आता खाली मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. वर मी, माझी बायको आणि अक्का. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती मला तम्मा म्हणते, धाकट्या भावाला इथे म्हणतात तसं. बायको पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा ती अक्काला वन्सं म्हणाली, आणि अक्का इतकी हसली की त्यानंतर तिचीही ती अक्काच झाली.

मालिका बायकोनंच लावली. तिला मराठी चॅनेल हवं होतं, कारण आमची मराठी ऐकून तिचे कान किटले होते, असं ती म्हणे. अक्का आधी नाक मुरडायची. 'किती चावून चावून बोलतात ग हे लोक,' म्हणायची. पण ही मालिका सुरू झाली आणि अक्का तिच्यात अडकली. अडकणारच होती. कोकणातलं एक बंदराचं गाव, त्यातली एक शिक्षिका. तिचा नवरा एका सकाळी धक्क्यावर जातो आणि परत येत नाही. तो मेला, मारला गेला, की निघून गेला? पोलीस शोधतात, ती शोधते, आणि रोज साडेसातला एक नवा धागा सापडतो.

अक्काचा नवराही एका सकाळी गेला आणि परत आला नाही. तो बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. पहाटे कोपऱ्यावर कंपनीची बस यायची. त्या दिवशी तो बसमध्ये चढला, हे दोघांनी पाहिलं होतं. कारखान्याच्या फाटकाशी उतरला, हे मात्र कुणी पाहिलं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अक्का तेहेतीस वर्षांची होती. ती माहेरी आली ती कायमचीच. अप्पांनी तक्रार दिली, पेपरात फोटो दिला, आणि दर सोमवारी दुकान उघडण्याआधी ते पोलीस ठाण्यात जाऊन विचारून येऊ लागले.

या गोष्टीचा शेवट मला माहीत होता. मालिकेचा नव्हे, अक्काच्या गोष्टीचा. बत्तीस वर्षांपासून माहीत होता.

तो गेल्याला तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा पाण्याच्या पंपांच्या एका कंपनीत नकाशे काढायचो. साहेबानं मला कामासाठी तमिळनाडूत, सेलमला पाठवलं. काम आटोपून मी बसस्टँडवर आलो, तर फुलांच्या टपरीसमोर माझा मेहुणा उभा. दाढी नाही, वेड नाही, स्मृती गेलेली नाही. इस्त्रीचा शर्ट घालून तो मोगऱ्याचा गजरा निवडत होता. शेजारी एक बाई होती, तिच्या कडेवर लहान मुलगी. त्यानं गजरा तिच्या हातात दिला, वळला, आणि मी दिसलो. माझी अपेक्षा होती की तो पळेल. तो म्हणाला, 'अरे, कधी आलास?' जणू गेल्या रविवारी आमच्याकडे जेवून गेला होता.

बाईला बाकावर बसवून तो मला समोरच्या हॉटेलात घेऊन गेला. तो काय बोलला ते इथे पुन्हा लिहीत नाही, त्यात काही दम नव्हता. जमत नव्हतं, गुदमरत होतं, तिचा काही दोष नव्हता, असलं सगळं. शेवटी म्हणाला, 'तुझ्या अक्काला सांगू नको. सांगितलंस तर ती इथे येईल.' मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. रस्त्यावरच्या परक्या माणसाशी भांडणारा मी त्या दिवशी मात्र मान हलवत बसलो.

घरी आल्यावर अप्पांना दुकानात एकट्यानं गाठून सांगितलं. ते शाळेच्या निळ्या कापडावर खडूनं खुणा करत होते. सगळं ऐकून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, 'मेला म्हटलं तर तिचं कुंकू पुसावं लागेल. जिवंत आहे म्हटलं तर तिला तोंड लपवावं लागेल. माहीत नाही म्हटलं की दोन्ही टळतं.' आणि त्यांनी कात्री उचलली. माझ्या बहिणीच्या आयुष्याचा निकाल तेवढ्या वेळात लागला. मीही मनातून सुटल्यासारखा झालो, कारण सांगायचं काम माझ्या गळ्यातून गेलं होतं.

अप्पांना वाटलं तसं कुंकू राहिलं. दर गौरीला आमच्याकडे अक्का सवाष्ण म्हणून पहिल्या पाटावर बसली. नात्यातल्या बायका आपसांत कुजबुजत, पण नवरा मेल्याचा कुणाकडे पुरावा नव्हता, त्यामुळे तिला टाळता येत नसे. आधी आईनं, आई गेल्यावर माझ्या बायकोनं तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हिरव्या बांगड्या. मी दरवर्षी दाराशी उभा राहून ते बघितलं. ती पदर पसरायची तेव्हा मी बाहेरच्या खोलीत जाऊन बातम्या लावायचो.

तो गेल्याच्या पाचव्या वर्षी एक स्थळ आलं होतं. आमच्याच समाजातला, कापडाच्या दुकानातला विधुर, सभ्य माणूस. तो स्वतः येऊन अप्पांशी बोलला. अप्पा म्हणाले, 'तिचा नवरा हरवलाय, गेलेला नाही.' अक्का आत बसून ब्लाउजला हुक लावत होती, तिनं ऐकलं. मीही ऐकलं. बारा वर्षं उलटली तेव्हा भटजींनी आठवण केली की, इतकी वर्षं माणसाचा पत्ता नसला तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे मागे राहिलेल्यांची सुटका होते. अक्कानं स्वतःहून अप्पांना विचारलं, 'करून टाकायचं का?' अप्पा म्हणाले, 'आशा सोडू नये, बाळ.' जिवंत माणसाचा पुतळा कसा जाळायचा, अशी त्यांची अडचण होती. तिला मात्र ते आशेचं शिकवत होते.

अप्पांना जाऊन चौदा वर्षं झाली. म्हणजे गेली चौदा वर्षं तोंड बंद ठेवायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. तरी मी सांगितलं नाही. गौरी होऊ देत, मग सांगू. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. मी निवृत्त झालो की निवांत सांगू. भित्र्या माणसाला कॅलेंडर फार उपयोगी पडतं.

आणि अशात ही मालिका आली. सव्वादोन वर्षं चालली. साडेसातला बायको सोफ्यावर, अक्का तिच्या वेताच्या खुर्चीत, आणि जाहिराती लागल्या की मी उठून कॉफी करायचो. माझ्या हातची फिल्टर कॉफी अक्काला आवडते. 'तम्मा, स्वल्प स्ट्राँग,' एवढं ती रोज म्हणायची, आणि रोज मी ती तशीच करायचो. घरात माझ्या नावावर जमा असलेलं चांगलं काम हे एवढंच होतं.

अक्का नुसती बघत नसे, लिहून ठेवत असे. अप्पांच्या मापांच्या जुन्या वह्या होत्या, त्यांतली एक तिनं घेतली. डाव्या पानावर अप्पांच्या हातचं: खांदा साडेचौदा, छाती चौतीस, बाही नऊ. उजव्या कोऱ्या पानावर अक्काच्या हातचं: निळा रुमाल, कोणाचा? फोन आला, बोललं कोणी नाही. दीर म्हणतो त्या दिवशी गावात नव्हता, पण त्याच्या चपलेला धक्क्यावरची वाळू. सकाळी शेजारची कन्नड बाई गच्चीच्या कठड्याशी आली की अक्का तिला वही बघून कन्नडात आदल्या दिवशीचा भाग सांगायची. त्या बाईनं ती मालिका एकदाही पाहिली नाही, पण तिला सगळं ठाऊक होतं. ती रोज एकच विचारायची, 'नवरा सापडला का?'

बायको अक्काला चिडवायची. 'अक्का, तुम्ही तर प्रॉपर डिटेक्टिव्ह आहात. तुम्हालाच घ्यायला हवं होतं पोलिसात.' अक्का हसून म्हणायची, 'घरात बसून होतं की तेवढं.'

मी काय करत होतो? मी वाट बघत होतो. मालिका संपायला आली तसे सगळे धागे एकाच दिशेला जायला लागले होते. अर्धं तिकीट दुसऱ्या शहराचं निघालं, एका दुकानदारानं फोटो ओळखला. नवरा जिवंत होता आणि दुसरीकडे संसार करत होता, हे उघड दिसत होतं. मी मनाशी ठरवलं: शेवटच्या भागात ती शिक्षिका त्या दारात जाऊन उभी राहील, सगळं बघेल, आणि त्यातून सावरेल. अक्का ते बघेल. मग मी टीव्ही बंद करीन आणि म्हणेन, 'अक्का, असंच झालं होतं.' लेखकानं माझ्यासाठी अर्धी वाट चालून ठेवलेली असेल, मला फक्त पुढची दोन पावलं टाकायची. हसू येईल कुणाला, पण मी खरंच त्या भरवशावर होतो. एवढं मोठं पाप मी एका मालिकेच्या लेखकाच्या पदरात टाकून मोकळा होणार होतो.

शेवटच्या भागाच्या दिवशी बायकोनं डाळीचे अंबोडे तळले. 'फिनाले आहे, सेलिब्रेट नको करायला?' मी कॉफी आधीच करून ठेवली, मध्ये उठायला लागू नये म्हणून. अक्कानं वही मांडीवर घेतली.

शिक्षिका बसमध्ये बसली. त्या शहरात उतरली. गल्लीत शिरली. दारापाशी आली. बेल वाजवायला हात उचलला आणि थांबली. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. मग ती हसली, आणि तिच्याच आवाजात ऐकू आलं की आता मला उत्तराची गरज उरली नाही, त्याला शोधता शोधता मला मीच सापडले. ती वळली. पुढच्या दृश्यात ती समुद्रकिनारी, शाळेतल्या मुलांबरोबर, हातात पणत्या. खाली नावं सरकायला लागली. ती संपायच्या आत पुढच्या सोमवारपासून त्याच वेळी सुरू होणाऱ्या पाककलेच्या स्पर्धेची जाहिरात.

'म्हणजे?' बायको म्हणाली. 'दार उघडलंच नाही? हे काय एंडिंग आहे?'

मी इतका भडकलो की रिमोट आपटला. शिव्या दिल्या. सव्वादोन वर्षं लोकांना झुलवून दार उघडायची हिंमत नाही या भडव्यांची, असं काहीबाही बोललो. बायको चकित झाली. आमच्या समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोवर पन्नास निरोप येऊन पडले होते, सगळे माझ्यासारखेच तापलेले.  अक्कानं मात्र वहीत काहीतरी एक ओळ लिहिली, वही मिटली आणि म्हणाली, 'सरी. झालं तर.' आणि अंबोडा खाल्ला.

तिचं ते 'सरी', म्हणजे 'ठीक आहे', मला जास्त झोंबलं. मला वाटलं, ती खचली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घेऊन बसलो आणि चॅनेलच्या पानावर तक्रार लिहायला घेतली. मला मराठी लिहायची सवय नाही, पण राग लिहून घेतो. दुपारपर्यंत मजकूर झाला. बायको इंदिरानगरला मैत्रिणीकडे गेली होती. अक्का खिडकीशी बसून एका ब्लाउजची उसवण काढत होती. म्हणाली, 'काय लिहिलंयस? वाच की.'

मी वाचलं. आवाज चढवून वाचलं. सुरुवातीची शेलकी विशेषणं सोडून देतो. शेवट असा होता: 'तो माणूस कुठे आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असूनही, जी बाई रोज वाट बघत बसते तिला ते न सांगणं याला रहस्य म्हणत नाहीत. याला लबाडी म्हणतात. तिनं किती वाट बघायची हे ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?'

अक्कानं दातानं दोरा तोडला. 'छान लिहिलंस,' ती म्हणाली. 'पण त्यांना माहीत तरी होतं का रे? मला नाही वाटत. रोजचं रोज काहीतरी लिहीत असतील. सुचलं नाही, म्हणून दार बंद ठेवलं.' मग तिनं माझ्याकडे बघितलं. 'तुला माहीत होतं की, तम्मा.'

मी फोन उपडा ठेवला.

'अप्पा दर सोमवारी ठाण्यात जायचे,' ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, शेजारणीला भाग सांगताना असतो तसा. 'पाऊस असो, ताप असो, जायचे. तू सेलमहून आलास त्या दिवशी शनिवार होता. तू जेवला नाहीस. सोमवारी अप्पांनी सरळ दुकान उघडलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही. परत कधी गेलेच नाहीत. शोधणारा माणूस शोधायचं कधी थांबवतो?'

'अक्का...'

'सापडल्यावर थांबवतो. नाहीतर मेल्यावर. मेला असता तर तुम्ही सुतक पाळलं असतं.'

मी म्हणालो, 'तुला कळलं होतं तर विचारलं का नाहीस?' हे विचारताना माझा आवाज चढला. मला तिचाच राग आला होता. इतकी वर्षं मी जे ओझं वाहत होतो ते वाहायची गरजच नव्हती, असा हिशोब माझ्या डोक्यात झाला होता. स्वतःची लाज अशी झटकन दुसऱ्याच्या अंगावर टाकता येते.

'मी विचारायचं?' ती म्हणाली. 'तो विधुर आला तेव्हा मी आत बसून वाट बघितली की आता सांगतील. पुतळा जाळायचं विचारलं तेव्हा वाटलं, आता तरी सांगतील. अप्पा गेल्यावर वाटलं, आता तम्मा मोकळा झाला, सांगेल. दर गौरीला मला पाटावर बसवून ओटी भरत होतात रे. तुम्हाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. मी कोणाच्या नावानं पदर पसरत होते?'

मग मी सगळं सांगितलं. टपरी, गजरा, ती बाई, कडेवरची मुलगी, इस्त्रीचा शर्ट. तो काय म्हणाला ते. अप्पा काय म्हणाले ते. ती ऐकत होती आणि उसवलेल्या शिवणीतले धाग्यांचे तुकडे एकेक करून वेचत होती. मध्ये एकदाही तिनं मला थांबवलं नाही. यातलं तिनं बहुतेक सगळं आधीच ताडलेलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. फक्त मुलगी म्हटल्यावर बोटं क्षणभर थांबली.

मी थांबल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला. 'हॉटेलात नेलं म्हणालास. मग काय घेतलं तिथे?'

'कॉफी,' मी म्हणालो.

'तू प्यालास?'

खोटं बोलता आलं असतं. बत्तीस वर्षं जमलं होतं, आणखी एक शब्द जड नव्हता. पण मी म्हणालो, 'प्यालो.'

'पूर्ण?'

'पूर्ण.'

अक्कानं ब्लाउजची घडी केली. सुई उशीत टोचली. ती हळूच उठली आणि आपल्या खोलीत गेली. दार लावलं नाही, आपटलं नाही. मापांची वही खिडकीत राहिली होती. मी शेवटचं पान उघडलं. डावीकडे कुण्या पोराच्या अर्ध्या चड्डीचं माप, आणि उजवीकडे आदल्या दिवशीची तिची ओळ: 'दारापर्यंत गेली. आत कोण आहे ते तिला माहीत आहे.'

ती तक्रार मी पाठवली नाही. बायकोला सगळं कळलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. त्याबद्दल मला तक्रार नाही. गौरी आल्या तेव्हा अक्कानं तिला सांगितलं की या वर्षी सवाष्ण म्हणून खालच्या दुकानदाराच्या बायकोला बोलाव, मी वाढायला उभी राहते. पुरणाचं ताट तिनंच वाढलं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या नव्हत्या. आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही, आणि या वेळी ते न विचारणं बरोबर होतं की नाही, मला अजून कळत नाही.

ती माझ्याशी बोलते. तम्मा म्हणते, गोळ्यांची आठवण करते, शर्टाचं बटण तुटलं तर लावून देते. साडेसातला आम्ही तिघं अजून बसतो. त्या वेळी आता कुणीतरी परीक्षकांसमोर घाबरत घाबरत ताट ठेवत असतं. जाहिराती लागल्या की मी सवयीनं उठतो आणि विचारतो, 'अक्का, कॉफी?'

'तुम्ही दोघं घ्या,' ती म्हणते. मग कार्यक्रम संपल्यावर ती स्वयंपाकघरात जाते, माझ्या डिकॉक्शनला हात न लावता दुसऱ्या लहान फिल्टरमध्ये आपल्यापुरती पूड घालते, आणि ओट्याशी उभी राहून एकटी पिते.